मोटरसायकलवर नेण्याचा तंबू : घेताना, विकताना आणि भाड्याने देताना काय पाहावे?

तंबू ही वस्तू आपल्या लोकांना नवी नाही. लग्नाचा मांडव, उरुसातील दुकान, इज्तिमाच्या मैदानावरील कनाती, ही सर्व कामे आपल्यातील मांडववाले, ताडपत्रीवाले आणि शिवणकाम करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. कुरआनातील सूरह नहलमध्ये (16:80) अल्लाहच्या देणग्यांची गणती करताना, प्रवासाच्या आणि मुक्कामाच्या दिवशी हलकी वाटणारी कातड्याची घरे, असा तंबूंचा उल्लेख आला आहे. प्रवासी माणसाला तंबूत काय हवे असते, हे त्या एका उल्लेखातच आले. तो हलका हवा, आणि तरीही घराचे काम करणारा हवा.

आज हीच मागणी एका नव्या गिऱ्हाइकाकडून येत आहे. मोटरसायकलवरून लडाख, स्पिती, कोकण किनारा, भंडारदरा, सातारा अशा ठिकाणी जाणारे आणि वाटेत तंबू ठोकून रात्र काढणारे तरुण आता शहरांतच नव्हे, तालुक्याच्या गावांतही दिसतात. हे गिऱ्हाईक ताडपत्रीच्या दुकानात येते, मोटरसायकलच्या सामानाच्या दुकानात येते, सीट-कव्हर शिवणाऱ्याकडेही येते. दुकानदार बंधू मात्र घाऊक व्यापाऱ्याने जे दिले ते पुढे करतात. पिशवीवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असते, गिऱ्हाईक विश्वास ठेवते, आणि पहिल्याच पावसात भिजून परत येते. यात गिऱ्हाइकाचे नुकसान होतेच, शिवाय दुकानाची पत जाते. थंड प्रदेशात उंचावर भिजलेल्या माणसाची गाठ तर जिवाशी असते. म्हणून या लेखात आम्ही मोटरसायकलवर नेण्याचा लहान तंबू कसा निवडावा, याची माहिती क्रमाने देत आहोत. स्वतःसाठी घेणाऱ्याला ती उपयोगी पडेल, आणि विकणाऱ्याला अधिक उपयोगी पडेल.

आधी गाडी मोजा, मग तंबू

पायी डोंगर चढणारा गिऱ्हाईक वजनाकडे पाहतो. मोटरसायकलवाल्याने वजनाइतकेच, किंबहुना थोडे अधिक, लांबीकडे पाहावे. दोन माणसांचा चांगला तंबू दोन ते तीन किलोचा असतो, आणि एक किलो इकडेतिकडे झाल्याने गाडीला फारसा फरक पडत नाही. परंतु गुंडाळलेला तंबू पासष्ट सेंटीमीटर लांब असेल, तर तो बाजूच्या पिशवीत बसत नाही. मग तो सीटच्या मागे आडवा बांधावा लागतो, दोन्ही बाजूंना बाहेर येतो, आणि अरुंद वाटेवर ट्रकला घासण्याची भीती राहते.

कापड कसेही कोंबता येते, काठी मात्र कोंबता येत नाही. तेव्हा तंबूची खरी लांबी म्हणजे त्याच्या काठीच्या एका तुकड्याची लांबी. समजा कमानीची पूर्ण काठी 3.6 मीटर आहे. तिचे सहा तुकडे केले तर प्रत्येक तुकडा 60 सेंटीमीटरचा होतो, नऊ तुकडे केले तर 40 सेंटीमीटरचा. मोटरसायकलसाठी 40 ते 45 सेंटीमीटरचा तुकडा सोयीचा. गिऱ्हाईक दुकानात आले की आधी त्याला विचारावे, पिशव्या कोणत्या, कॅरियर किती रुंद? शक्य असल्यास टेप घेऊन त्याच्या गाडीपाशी जावे आणि मोजून द्यावे. यात पाच मिनिटे जातात, पण माल परत येत नाही.

बाजारात उडवला की आपोआप उघडणारे तंबू मिळतात. ते पाहायला गंमतीचे वाटतात. परंतु मिटल्यावर त्यांची मोठ्या परातीएवढी गोल थाळी होते. मोटारीच्या डिकीत ती जाते, मोटरसायकलवर तिला जागा नाही. असा तंबू मोटरसायकलवाल्याच्या गळ्यात मारू नये.

‘दोन माणसांचा’ म्हणजे किती?

तंबूवर लिहिलेली माणसांची संख्या ही खांद्याला खांदा लावून झोपलेल्या माणसांची असते. दोन माणसांच्या तंबूची रुंदी बहुधा 120 ते 140 सेंटीमीटर असते, आणि झोपायची एक सतरंजी किंवा मॅट पन्नास सेंटीमीटरच्या आसपास. दोन मॅट टाकल्या की जागा संपली. हेल्मेट, बूट, जाकीट, पिशव्या ठेवायच्या कोठे? म्हणून मोटरसायकलवर एकटा जाणाऱ्याने दोन माणसांचा तंबू घ्यावा आणि दोघांनी तीन माणसांचा.

लांबीही पाहावी. आत 210 सेंटीमीटर लांबी असली तरी कडा उतरत्या असल्यामुळे उंच माणसाचे पाय कापडाला टेकतात आणि दवाने ओले होतात. सहा फुटांच्या गिऱ्हाइकाला आत आडवे होऊनच पाहायला सांगावे. मधली उंची इतकी असावी की माणूस ताठ बसू शकेल. कपडे बदलणे, जेवणे, पावसात अडकल्यावर तासन्‌तास बसून राहणे, हे सर्व त्या उंचीवर अवलंबून असते.

दाराबाहेर आच्छादनाखाली जी मोकळी जागा राहते, तिला आपण पडवी म्हणू. मोटरसायकलवाल्याला पडवी फार उपयोगी. चिखलाचे बूट, ओले जाकीट, हेल्मेट तेथे राहते आणि आतील जागा नमाजसाठी व झोपण्यासाठी स्वच्छ राहते. दोन दारे आणि दोन पडव्या असलेला तंबू दोघांसाठी उत्तम, कारण रात्री उठणाऱ्याला दुसऱ्याच्या अंगावरून जावे लागत नाही.

एक पदर की दोन पदर?

स्वस्त आणि चांगल्या तंबूतील सर्वांत मोठा फरक येथे आहे. स्वस्त तंबूला एकच पदर असतो आणि डोक्यावर लहानशी टोपी. चांगल्या तंबूला दोन पदर असतात. आतला पदर हवा जाऊ देणारा, अर्धाअधिक जाळीचा, आणि बाहेरचा पाणी अडवणारा, जमिनीपर्यंत खाली येणारा. दोन्ही पदरांमध्ये चार बोटे मोकळी जागा असते.

या जागेचे महत्त्व असे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभर वाफ निघत असते. बाहेरचे कापड गार पडले की ही वाफ त्यावर थेंब होऊन बसते, जसे गार पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब येतात. एकच पदर असेल तर हे थेंब थेट अंगावर पडतात. गिऱ्हाईक सकाळी म्हणते, तंबू गळतो. प्रत्यक्षात तो गळलेला नसतो, आतूनच घामेजलेला असतो. दोन पदर असतील तर थेंब बाहेरच्या पदराच्या आतील बाजूने ओघळून जमिनीवर जातात आणि झोपणारा कोरडा राहतो.

त्यासाठी वरच्या बाजूला हवा खेळायला झरोका असलाच पाहिजे. थंडी वाजते म्हणून सर्व झरोके बंद करणे चूक आहे. अंथरूण ओले झाले की थंडी दुप्पट वाजते.

कापड : मागवाल्यांना सांगायला नको

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या बंधूंना डेनियर म्हणजे काय हे आम्ही सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी सांगतो. 9,000 मीटर सूत घेऊन वजन केले आणि ते 75 ग्रॅम भरले, तर ते सूत 75 डेनियरचे. आकडा मोठा तितका धागा जाड. तंबूवर दुसरा आकडा 190टी किंवा 210टी असा लिहिलेला असतो. एका चौरस इंचात ताणा आणि बाणा मिळून एकूण किती धागे आहेत, त्याची ती बेरीज. आकडा मोठा तितकी वीण दाट.

कापड मुख्यतः दोन प्रकारचे, नायलॉन आणि पॉलिस्टर. नायलॉन वजनाच्या मानाने अधिक चिवट असते, परंतु ते पाणी शोषून सैल पडते. रात्री पावसात तणावे पुन्हा ओढावे लागतात. पॉलिस्टर कमी ताणते आणि उन्हाला अधिक काळ टिकते. लडाखसारख्या उंच प्रदेशात हे महत्त्वाचे आहे, कारण दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, आणि लेह शहरच सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. मोटरसायकलवाल्याला शंभर-दोनशे ग्रॅमची काटकसर करायची नसते, म्हणून त्याला सहसा पॉलिस्टर पुरते.

कापडात ठरावीक अंतरावर जाड धाग्याच्या चौकटी दिसल्या तर ती ‘रिपस्टॉप’ वीण. काट्याने भोक पडले तरी ते फाटत पुढे जात नाही. किंमत थोडी अधिक पडते, पण भाड्याने देण्याच्या तंबूला हेच कापड घ्यावे.

‘वॉटरप्रूफ’चा आकडा कसा वाचावा?

धागा कितीही दाट विणला तरी नुसते कापड पाऊस अडवत नाही. त्यावर लेप असतो. बहुतेक तंबूंना पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा लेप असतो. काही महाग तंबूंना सिलिकॉनचा.

लेप किती चांगला हे मिलीमीटरमध्ये सांगतात. कापडावर उभी नळी ठेवून तिच्यात पाणी भरत जातात, आणि पाण्याची उंची किती झाल्यावर कापडातून थेंब येऊ लागतात ते मोजतात. 1,500 मिलीमीटर म्हणजे दीड मीटर उंच पाण्याचा दाब त्या कापडाने सोसला. बाहेरच्या पदराला 1,500 ते 3,000 हा आकडा पुरेसा आहे. तळाला मात्र 3,000 किंवा अधिक असावा, कारण ओल्या जमिनीवर माणूस गुडघा टेकतो तेव्हा त्या एका जागी पावसापेक्षा कितीतरी अधिक दाब येतो. ज्या तंबूवर हा आकडा कोठेच लिहिलेला नाही, त्याच्या पिशवीवरील ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर भिस्त ठेवू नये.

येथे एक गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावी. महाबळेश्वर, आंबोली या भागात वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. सह्याद्रीच्या भर पावसाळ्यात लहान तंबूत मुक्काम करणे शहाणपणाचे नाही. चांगला तंबू अवकाळी सरीतून वाचवतो, आषाढाच्या झडीसाठी तो नाही.

शिलाई : पाणी येथूनच शिरते

तंबू गळतो तो कापडातून क्वचितच. तो गळतो शिलाईतून, कारण सुईने पाडलेले प्रत्येक भोक ही पाण्याला मिळालेली वाट असते. म्हणून बाहेरचा पदर उलटा करून प्रत्येक शिलाई पाहावी. आतून पारदर्शक पट्टी, म्हणजे टेप, उष्णतेने चिकटवलेली असावी. ती सलग असावी, कोपऱ्यांत फुगलेली किंवा सुटलेली नसावी. सिलिकॉनच्या लेपावर ही टेप चिकटत नाही, तेथे शिलाईवर सिलिकॉनचेच द्रव्य लावावे लागते.

शिलाई दुहेरी दुमडीची असावी, जीन्सच्या पायाच्या कडेला असते तशी. जेथे तणावा बांधायचा, काठी अडकवायची, तेथे कापडाचा जादा तुकडा लावून मजबुती केली आहे काय, ते पाहावे. चेन हा तंबूचा सर्वांत लवकर बिघडणारा भाग. रनर दहा वेळा पुढेमागे करावा. तो कापड चावत असेल तर दुकानातच चावतो आहे, रात्रीच्या अंधारात तो काय करील याची कल्पना करावी.

काठ्या : फायबर की अ‍ॅल्युमिनियम?

स्वस्त तंबूत फायबरग्लासच्या काठ्या असतात. त्या जड असतात, तुकडे बहुधा लांब असतात, आणि तुटतात तेव्हा उभ्या चिरतात. त्यांच्या कुसळांनी हात फाटतो आणि तंबूचे कापडही. अ‍ॅल्युमिनियमची काठी हलकी असते, तुकडे लहान करता येतात, आणि ती तुटण्याआधी बहुधा वाकते, म्हणजे आधी इशारा देते. पैसे थोडे अधिक टाकायचे असतील तर ते आधी काठीवर टाकावेत, असे आमचे मत आहे.

काठी कोणतीही असो, बरोबर पंधरा सेंटीमीटरचा अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा तुकडा ठेवावा. तो काठीवरून सरकेल एवढाच सैल असावा. काठी मोडली की मोडलेल्या जागी हा तुकडा सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली की रात्र निभावते. हा तुकडा दुकानदाराने तंबूबरोबर फुकट दिला तरी परवडतो.

जमीन कशी, त्यावर तंबूची घडण

काही तंबू काठ्या अडकवल्या की स्वतः उभे राहतात, खुंट्या नंतर मारल्या तरी चालते. काही बोगद्यासारखे असतात, ते खुंटीशिवाय उभेच राहत नाहीत. लडाख-स्पितीच्या खडकाळ जमिनीत खुंटी शिरत नाही, तेथे स्वतः उभा राहणारा तंबू घ्यावा आणि तणावे दगडांना बांधावेत. कोकणच्या वाळूत साधी खुंटी उपटून येते. तेथे पिशवीत वाळू भरून, तिला तणावा बांधून ती पुरावी. तंबू स्वतः उभा राहतो म्हणून तणावे न बांधणे ही मोठी चूक आहे, कारण रिकामा तंबू वाऱ्यावर पतंगासारखा जातो.

जागा निवडताना किनाऱ्यावर भरतीच्या खुणेच्या बरेच वर राहावे, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती नेहमीपेक्षा वर येते हे लक्षात ठेवावे. धरणाच्या खालच्या बाजूला नदीच्या पात्रात तंबू कधीही लावू नये. पाणी सोडले की पळायला वेळ मिळत नाही. वनखात्याच्या किंवा खाजगी जागेत परवानगी घेऊनच थांबावे.

तंबू गाडीला बांधू नये. मऊ जमिनीत साइड स्टँड रुतून गाडी रात्री कलंडते, ती तंबूवर पडू नये एवढे अंतर ठेवावे. स्टँडखाली सपाट दगड किंवा फळीचा तुकडा घालावा. गाडीवर तंबू बांधताना तो सायलेन्सरपासून दूर असावा, कारण ही कापडे उष्णतेने वितळतात. लोंबता पट्टा चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेला तर गाडी जागेवर अडकते. जड सामान खाली आणि पुढच्या बाजूस, हलके वर. फार मागे आणि फार वर वजन टाकले की पुढचे चाक हलके होऊन गाडी डुलते.

आगीविषयी दोन शब्द

15 एप्रिल 1997 रोजी, हजच्या काळात, मिना येथील तंबूंना लागलेली आग आपल्या वाचकांपैकी जुन्या लोकांच्या स्मरणात असेल. अधिकृत आकड्यानुसार 343 हाजी त्या आगीत मरण पावले आणि सुमारे दीड हजार जखमी झाले. स्वयंपाकाच्या गॅसपासून सुरू झालेली आग वाऱ्याने एका तंबूवरून दुसऱ्यावर गेली. त्यानंतर मिनामध्ये टेफ्लॉनचा लेप दिलेल्या फायबरग्लासच्या कापडाचे, आग सहजी न धरणारे तंबू उभारण्यात आले.

आपण विकतो तो लहान तंबू त्या कापडाचा नाही. तो पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा आहे. ही कापडे पेटली की वितळून थेंबांनी अंगावर पडतात, आणि लहान तंबूला दार एक किंवा दोन. म्हणून आत स्टोव्ह, मेणबत्ती, अगरबत्ती, बिडी काहीही पेटवू नये. पेट्रोलचा कॅन तंबूपासून आणि चुलीपासून दूर असावा.

आगीपेक्षाही फसवा धोका आहे तो कार्बन मोनॉक्साइडचा. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह आत घेऊन दार लावून झोपणारे लोक सकाळी उठत नाहीत. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. विकणाऱ्याने एवढे एक वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगावे. थंडीवर इलाज चांगली बिछायत आणि चांगले पांघरूण हाच आहे.

माल भरण्यापूर्वी

घाऊक माल घेण्यापूर्वी एक नमुना विकत घ्यावा आणि स्वतः उभारावा. अंगणात किंवा गच्चीवर उभा करून, एकाला आत बसवून, दुसऱ्याने वरून वीस मिनिटे पाण्याचा पाइप धरावा. आत बसलेल्याने विजेरी घेऊन प्रत्येक शिलाई आणि तळाचे चार कोपरे पाहावेत. या परीक्षेत जो माल नापास होईल, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. खरेदीचे बिल घ्यावे. परदेशातून आलेल्या मालाच्या वेष्टनावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. ती नसेल तर तक्रार आल्यावर आपण एकटे पडतो.

भाड्याचा हिशेब

ज्यांना वर्षातून एक-दोन वेळाच जायचे असते ते तंबू विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणे पसंत करतात. मांडव-भांडी भाड्याने देणाऱ्या बंधूंना हा धंदा परका नाही. आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदलतील, पण हिशेबाची रीत समजावी म्हणून एक उदाहरण घेऊ.

समजा चांगला तंबू चार हजारांना पडला आणि साधा दोन हजारांना. एका रात्रीचे भाडे दोनशे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या हंगामात शनिवारच्या रात्री एकवीस-बावीस येतात. त्यांतील पंधरा रात्री तंबू गेला असे धरले तर तीन हजार रुपये आले. धुणे, दुरुस्ती, हरवलेल्या खुंट्या यांचे पाचशे वजा जाता अडीच हजार राहिले. म्हणजे चांगल्या तंबूचे पैसे पहिल्या हंगामात निघत नाहीत, दुसऱ्या हंगामात निघतात. तो तीन हंगाम टिकला तर साडेसात हजारांतून चार हजार जाऊन साडेतीन हजार शिल्लक राहतात. साधा तंबू एका हंगामातच निकामी होत असेल, तर दर हंगामी पाचशे, म्हणजे तीन हंगामांत दीड हजारच राहतात, आणि भिजलेल्या गिऱ्हाइकांचे बोलणे वेगळे. स्वस्त माल महाग पडतो तो असा.

अनामत रक्कम आणि ओळखपत्राची प्रत घ्यावी, देताना काठ्या आणि खुंट्या गिऱ्हाइकासमोर मोजाव्यात, आणि नोंद लिहून दोघांनी सही करावी. परत आलेला तंबू त्याच दिवशी सावलीत उघडून वाळवावा. ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी येते, आणि पीयूचा लेप हळूहळू सुटून चिकट होतो व त्याला आंबूस वास येतो. तो लेप मग दुरुस्त होत नाही. धुण्यासाठी साधे पाणी आणि स्पंज वापरावा, यंत्रात टाकू नये.

हा धंदा चार-पाच तंबूंनी सुरू करता येतो. त्यासाठी व्याजाने पैसे घेण्याची गरज नाही. दोघा-तिघांनी भागीदारीत, नफा-तोटा वाटून घेण्याच्या लेखी करारावर सुरुवात करावी. जकातीचा हिशेबही वेगळा ठेवावा. विक्रीसाठी ठेवलेल्या मालावर त्याच्या किमतीप्रमाणे जकात लागू होते, तर भाड्याने देण्याच्या वस्तूंवर नव्हे, त्यांच्या उत्पन्नातून साठलेल्या रकमेवर ती लागू होते, असे उलेमांचे सर्वसाधारण मत आहे. आपल्या आलिमांना विचारून खात्री करून घ्यावी.

कारागिरांसाठी कामे

पूर्ण तंबू शिवून मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा करणे लहान कारागिराला अवघड आहे. परंतु तंबूभोवतीची कामे त्याच्या हातची आहेत. फाटलेल्या कापडाला ठिगळ, चेनचा रनर बदलणे, सुटलेली शिलाई घालून तिच्यावर द्रव्य लावणे, काठीतील ताणलेली इलॅस्टिक दोरी बदलणे, ही कामे करणारा माणूस बहुतेक गावांत सापडत नाही. दोरा पॉलिस्टरचा वापरावा आणि सुई बारीक.

दुसरे काम तंबूखाली अंथरण्याच्या कापडाचे. दगड-काट्यांपासून तळ वाचवण्यासाठी ते प्रत्येकाला लागते, आणि ते मापाचेच लागते. ते तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी पाच सेंटीमीटर लहान कापावे. मोठे कापले तर बाहेर आलेल्या काठावर पावसाचे पाणी साठून ते तळाखाली शिरते. कोपऱ्यांना आयलेट ठोकून दिले की काम पूर्ण. रेग्झिनचे काम करणाऱ्यांनी काठ्या ठेवण्याची लांबट पिशवी, गाडीच्या बाजूच्या पिशव्या, पावसाची खोळ ही कामे हाती घ्यावीत.

दोष सांगून विका

शेवटी एक गोष्ट. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे.

तंबूच्या धंद्यात ओले धान्य म्हणजे टेप सुटलेली शिलाई, आकडा नसलेला लेप, एकाच पदराचा तंबू. असा माल विकूच नये असे आम्ही म्हणत नाही. हिवाळ्यात शेतावर, गच्चीवर, मुलांच्या सहलीला तो चालतो, आणि गरीब गिऱ्हाइकाला तो परवडतो. पण तो काय आहे हे सांगून विकावा. ‘हा दव अडवील, पाऊस अडवणार नाही, लडाखला नेऊ नका’, एवढे बोलण्याने एखादी विक्री बुडेल. मात्र ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी चांगला तंबू घ्यायला याच दुकानात येईल, आणि येताना दोन मित्रांना घेऊन येईल. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.